बशीतले सुटे पैसे

हॉटेलातून उठताना बडीशेपेच्या बशीत किती पैसे ठेवावेत, हा काही साहित्याच्या अध्यापकांनी लेख लिहावा असा विषय नव्हे, असे प्रथम आम्हालाही वाटले होते. परंतु गेले वर्षभर आम्हां दोघांमधले बहुतेक वाद फिरून फिरून या बशीपाशीच येतात आणि तिथून ते आमच्या व्यवसायापर्यंत, आमच्या भाषेपर्यंत जातात. ते एकदा नीट मांडून पाहावेत, एवढाच या लेखनाचा हेतू.

आमच्यापैकी एकजण शहापूर तालुक्यात शिकवतो, दुसरा मुरबाड तालुक्यात. दोघेही मराठीचे. एम. ए. एकाच वर्षी झालो, चाळिशीही जवळजवळ बरोबरच ओलांडली. फरक एवढाच, की एकजण कायम आहे आणि दुसरा गेली चौदा वर्षे तासिका तत्त्वावर. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी आम्ही शहापूरजवळ, मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या एका हॉटेलात भेटतो. मुरबाडहून येणारा सरळगाव, किन्हवली असा येतो. समोर माहुलीचा किल्ला दिसतो. मिसळ, चहा, पुन्हा चहा आणि अर्धवट वाचलेल्या पुस्तकांवरची पूर्ण मते, असा आमचा कार्यक्रम असतो.

बिल आले की ते कायम असलेला भरतो आणि बशीत टीप दुसरा ठेवतो. ही वाटणी कोणी कधी ठरवली नाही. पहिल्या काही भेटींत दोघांचेही हात खिशाकडे जात. नंतर केव्हातरी एक हात मागे राहू लागला आणि तो मागे राहिल्याचे जाणवू नये म्हणून टीपेची जबाबदारी त्याच्याकडे आली. ती त्याने इतक्या निष्ठेने पाळली, की एकशे ऐंशीच्या बिलावर तो वीस-तीस रुपये ठेवू लागला. कायम असलेल्याला हे खटके. "अरे, दहा पुरेत," तो म्हणे. दुसरा काही न बोलता बशी थोडी पुढे सरकवी. त्या तीस रुपयांत वेटरला द्यायचे किती आणि स्वतःसाठी राखायचे किती, याचा हिशेब आम्ही तेव्हा कधी केला नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात आम्ही दोघे एका चर्चासत्रासाठी मुंबईला गेलो होतो. संध्याकाळी चांगल्याशा वातानुकूलित उपाहारगृहात जेवलो. बिल सोळाशे चाळीस रुपयांचे. त्याखाली दहा टक्के सेवाशुल्क, एकशे चौसष्ट. आणि त्या सगळ्यावर मिळून पाच टक्के जीएसटी. सेवाशुल्क हा सरकारी कर आहे असे पुष्कळांना वाटते. तो कर नव्हे. ते पैसे उपाहारगृहाकडेच राहतात. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून, हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही घेता येणार नाही, असे सांगितले होते. उपाहारगृहांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि पुढे २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून ही तत्त्वे कायम केली. आम्ही हे सारे वर्तमानपत्रांत वाचलेले. व्यवस्थापकांना बोलावले, शांतपणे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. "ऐच्छिकच आहे, सर," असे म्हणत नवे बिल आणून दिले. करासकट एकशे बहात्तर रुपये वाचले. नागरिकशास्त्राचा धडा प्रत्यक्षात उतरवल्याच्या समाधानात आम्ही उठलो. एका वयस्क वेटरने दार उघडून धरले.

कसारा लोकलमध्ये डोंबिवली मागे पडल्यावर कायम असलेल्याने सहज विचारले, "बशीत किती ठेवलेस?"

दुसरा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. "काहीच नाही. विसरलो."

तो विसरला होता हे खरे. आणि पहिल्यालाही कल्याण जवळ येईपर्यंत आठवण झाली नव्हती, हेही तितकेच खरे. मालकाने आमच्याकडून चुकीच्या मार्गाने घेतलेले पैसे आम्ही परत मिळवले आणि ज्याने दोन तास आमची ताटे वाढली त्याला एक पैसाही न देता बाहेर पडलो. सेवाशुल्काविरुद्ध भांडताना आमच्या तोंडी 'सेवा' हा शब्द चार-पाच वेळा आला असेल. सेवा करणारा माणूस मात्र त्या संभाषणात कुठेच नव्हता.

उपाहारगृहांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, हे आम्हाला नंतर सुचले. टीप मिळते ती समोर दिसणाऱ्याला. आत भाजी चिरणारा, तवा धरणारा, भांडी घासणारी, यांच्यापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. बिलात शुल्क लावले तर ते सर्वांत वाटता येते, असे मालक म्हणतात. पण ते वाटले जाते की नाही, हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नसतो. आणि वाटायचेच असेल, तर पदार्थांची किंमत वाढवून पगारच वाढवावा. त्याला कोणता कायदा आडवा येतो? या प्रश्नावर आमचे दोघांचे एकमत झाले. आमच्या मैत्रीत ही घटना विरळच.

पगार का वाढवत नाहीत, याचे उत्तर मात्र आम्हाला महामार्गावरच्या आमच्या हॉटेलात मिळाले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. चहा घेऊन आलेला मुलगा म्हणाला, "नमस्कार, सर." तांबड्या गणवेशात आम्ही त्याला ओळखले नव्हते. शहापूरच्या वर्गातला तृतीय वर्षाचा विद्यार्थी; किन्हवलीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, ठाकूर समाजातला. मागच्या बाकावर बसणारा, नारायण सुर्वे शिकवताना मात्र पुढे येऊन बसलेला. सुर्व्यांनी लहानपणी हॉटेलात कपबशा धुतल्या, हे वर्गात सांगताना आम्ही आवाज थोडा खाली आणतो. तो त्या दिवशी का पुढे आला होता, हे आम्हाला आता कळले.

बिल आले. वीस रुपयांची नोट बशीपर्यंत गेली आणि तिथेच थबकली. आपल्या विद्यार्थ्याला टीप द्यायची? नोट परत खिशात घातली तर त्याचा अपमान; ठेवली तर कुणाचा, ते सांगता येईना. त्याने आमची अडचण ओळखली असावी. बशी उचलली, नोट गल्ल्याजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि पाच मिनिटांची सुट्टी मागून आमच्याबरोबर बाहेर आला.

आम्ही त्याला बरेच काही विचारले. तो मोकळेपणाने बोलला. कामावर लावताना शेठनी सांगितले होते, "पगार कमी आहे, पण वरचे सुटतात." म्हणजे आम्ही बशीत जे आपल्या खुशीने ठेवत होतो, ते त्याच्या पगारातून आधीच वजा झालेले होते. डबा रविवारी उघडतात. वेटरांना सारखे वाटप. आचाऱ्याला थोडे. भांडी घासणाऱ्या मावशींना धरत नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, त्यानंतर रात्रीच्या लांबच्या गाड्या कमी थांबतात, असे तो म्हणाला. शिवाय आता लोक गल्ल्यावरच्या चौकटीसमोर फोन धरतात, पैसे सरळ शेठच्या खात्यात जातात. बशीत सुटे उरतच नाहीत. "तुम्ही दोघं रोख ठेवता, सर," तो हसून म्हणाला, "तुमची वाट बघतात सगळे."

आमच्यापैकी एकाने विचारले, "टीप घेताना वाईट वाटतं का रे?"

"वाईट नाय वाटत, सर. पण महिन्याचं गणित जमत नाय. आईला सांगता येत नाय, या महिन्याला किती देईन ते."

परत येताना मुरबाडचा मित्र काहीच बोलला नाही. त्याला तरी आईला कुठे सांगता येते?

मराठीच्या अध्यापकांना अशा वेळी शब्दांकडे वळण्याची खोड असते. टीप हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण आपल्याकडेही टीप आधीच होती. शिवणीची टीप, पुस्तकातली तळटीप. पाखरे दाणे टिपतात, टीपकागद शाई टिपतो, माणूस टिपे गाळतो. या सगळ्यांत हॉटेलातली टीप कुठेच बसत नाही. तिच्यासाठी आपल्याकडे दुसरे शब्द होते. बक्षीस हा फारसीतून आलेला; देणारा वरच्या पायरीवर उभा असल्याशिवाय तो उच्चारता येत नाही. दिवाळीची पोस्त होती. ती गडीमाणसांनी, पोस्टमनने मागायची आणि घरच्यांनी कुरकुरत द्यायची. चिरीमिरी आणि चहापाणी हे शब्द कचेरीत गेले ते तिथेच राहिले. आणि सर्वांत व्यापक म्हणजे खुशी. "काय खुशी असेल ते द्या," असे बँडवाला म्हणतो, हमाल म्हणतो, बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई म्हणते. या वाक्यात खुशी नेहमी देणाऱ्याची असते. घेणाऱ्याने खूश व्हायचे ते नंतर.

खुशीचा हा इतिहास ठाणे जिल्ह्याला चांगला ठाऊक आहे. जानेवारी १९४५ मध्ये आमच्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनी वेठबिगार नाकारली. तो भाग आता, १ ऑगस्ट २०१४ पासून, पालघर जिल्ह्यात मोडतो. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. वेठीत माणसाला काही मिळतच नसे असे नाही. मालकाची मर्जी असेल तर मिळे. वारल्यांना नको होती ती मर्जी. त्यांनी ठरलेली मजुरी मागितली. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, त्याच्याही मुळाशी हेच होते. बलुते हा नावापुरता हक्क. प्रत्यक्षात ते खळ्यावर उभे राहून मागावे लागे. त्याऐवजी केलेल्या कामाचे निश्चित वेतन मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. दया पवारांच्या पुस्तकाचे शीर्षक वर्गात समजावून सांगताना आम्ही या विधेयकाचा उल्लेख करतो. पण ते आपल्यालाही लागू असेल, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

ते कसे लागू होते, हे सांगायला मुरबाडच्या मित्राची दिवाळी सांगावी लागेल. तासिका प्राध्यापकाला जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द किती सुरेख आहे! मानही आहे आणि धनही. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला नारळ, शाल आणि पाकीट देतात, त्या पाकिटाला हा शब्द शोभतो. रोज बस पकडून, हजेरी घेऊन, उत्तरपत्रिका तपासून चौदा वर्षे काढणाऱ्याला तोच शब्द लावला, की त्यातून सुट्टीचे पैसे जातात, आजारपण जाते, म्हातारपण जाते. अंगणवाडीच्या सेविकांना मानधन असते, नव्या शिक्षकांना शिक्षणसेवक म्हणून मानधन असते. सेवा हा शब्द पुढे आला की वेतन हा शब्द मागे सरतो, असा आमचा अनुभव आहे.

त्या दिवाळीत मित्राचे चार महिन्यांचे मानधन थकले होते. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात सर्व तासिका प्राध्यापकांना बोलावण्यात आले. एका पदाधिकाऱ्यांनी प्रत्येकाच्या हाती मिठाईचा पुडा आणि पाकीट दिले. पाकिटात पाचशे रुपये होते. "आमच्याकडून खुशीने," असे ते म्हणाले. छायाचित्र काढले गेले. मित्राने पाकीट घेतले, "धन्यवाद, सर," म्हटले आणि पुढच्याला जागा करून देण्यासाठी बाजूला झाला.

हे त्याने आम्हाला, म्हणजे आमच्यातल्या दुसऱ्याला, त्या विद्यार्थ्याशी बोलणे झाल्यानंतर दोन आठवड्यांनी सांगितले. तो म्हणाला, "मला पाचशे रुपयांचा राग आला नाही. माझ्या तोंडून धन्यवाद किती पटकन आला, त्याचा आला." मग थोड्या वेळाने: "तो मुलगा नोट डब्यात टाकताना मला थँक्यू म्हणाला होता. मी ऐकलं होतं."

कायम असलेल्याकडे यावर बोलण्यासारखे काही नव्हते. तेव्हा त्याने तेच केले जे अध्यापक करतात. तो वाचू लागला. त्याला आढळले ते असे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना वर्षाकाठी बोनस मिळत होता. मालकांनी तो बंद केला, तेव्हा १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. नेमलेल्या समितीने निर्णय दिला, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे ती मालकांची खुशी. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी, १९६५ साली, बोनस देण्याचा कायदा झाला आणि पोस्तीचा हक्क झाला. ग्रॅच्युइटीचे तर आणखी नवल. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ टीप असाच आहे. परदेशी हॉटेलांच्या बिलावर तो तसाच छापलेला असतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने त्याच शब्दाला निवृत्त होणाऱ्याच्या हक्काचा अर्थ आला. आणि २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही ग्रॅच्युइटी लागू आहे. त्यांच्या मोबदल्याला मानधन म्हटले, म्हणून ते वेतन नव्हे असे होत नाही.

शब्द उलट दिशेनेही जातात. अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान दोन डॉलर तेरा सेंट दिले तरी संघराज्याच्या कायद्याला चालते, टीप धरून बाकीची भरती झाली म्हणजे झाले. आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. अनेक राज्यांनी स्वतःचे दर वाढवले आहेत, पण मूळ कल्पना तीच आहे. "पगार कमी आहे, पण वरचे सुटतात," हे आमच्या महामार्गावरच्या शेठचे वाक्य तिथे कायद्याच्या पुस्तकात आहे.

यावरून टीप देऊ नये असे आम्हाला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. त्यावरही आमचा एक वाद झाला. कायम असलेल्याचे मत असे, की टीप दिली म्हणून मालकाला पगार कमी ठेवता येतो. ती देणे म्हणजे त्या व्यवस्थेला टेकू देणे. दुसरा म्हणाला, "तुझं तत्त्व बरोबर आहे. पण रविवारी डबा उघडल्यावर त्यात तुझं तत्त्व निघणार नाही." हे वाक्य ऐकल्यावर कायम असलेल्याने तो मुद्दा सोडून दिला. आज जी माणसे त्या वरच्या पैशांवर घर चालवत आहेत त्यांना ते मिळालेच पाहिजेत. फोनवरून बिल भरले तरी बशीत रोख ठेवले पाहिजेत. परंतु ते ठेवताना आपण औदार्य केले असे समजण्याचे कारण नाही. पगारातला जो भाग मालकाने आपल्यावर ढकलला, तो आपण पोचता केला, इतकेच.

जानेवारीतल्या भेटीत आम्ही बिल निम्मे निम्मे भरले. सुचवले मुरबाडच्या मित्राने. कायम असलेला नको म्हणणार होता, पण म्हणाला नाही. टीपही दोघांनी ठेवली. विद्यार्थी परीक्षेमुळे सुट्टीवर होता. वाढायला आलेल्या नव्या मुलाच्या हाती वीस रुपये वेगळे देऊन आम्ही म्हटले, "हे आत मावशींना दे." तो गोंधळला, एकदा आमच्याकडे, एकदा गल्ल्याकडे पाहून आत गेला. थोड्या वेळाने पदराला हात पुसत एक बाई दाराशी आल्या, आमच्याकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत, पुन्हा आत गेल्या. काही चुकले का, हे आम्हाला अजून नीट समजलेले नाही.

त्याच आठवड्यात मित्राने थकलेल्या चार महिन्यांसाठी अर्ज केला होता. चौदा वर्षांत प्रथमच. अर्जाचा विषय त्याने लिहिला होता, 'थकीत वेतन मिळणेबाबत'. तो त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवला. कार्यालयातल्या लिपिकाने लाल शाईने वेतन हा शब्द खोडून वर मानधन लिहिले होते आणि अर्ज दुरुस्त करून आणायला सांगितले होते. आम्ही हॉटेलातच कोरा कागद मागवला. शुद्धलेखन दोघांनी तपासले. विषय तोच ठेवला आहे.